बैलगाडीचा रकाना

१

एक विचारतो, खरं सांगा. नजर अधू झाली तर माणसानं भरवसा कोणावर टाकावा? स्वतःच्या कानावर, की शेजारी बसलेल्या बायकोच्या जिभेवर? तुम्ही म्हणाल, दोन्ही एकच. हाल्याही तसंच समजत होता. मी एक मिरचीचा व्यापारी पाहिलाय, दोन्ही डोळे गेलेला. पोत्यात हात घालून सांगायचा, ही आज सकाळी खुडली, ही काल दुपारची, आणि हिच्यावर पाणी मारलंय. उभ्या बाजारात त्याला कोणी फसवू शकलं नाही. फसला तो एकदाच, घरात. पोरगी म्हणाली, "मी बरी आहे," आणि त्यानं मानलं.

तर हाल्या. बांधकाम खात्याचा मैलकामगार. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्याच्या अंगावर: खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, रस्त्याखालच्या मोरीत अडकलेला पाला ओढून टाकायचा. रस्त्याला राज्य महामार्ग म्हणतात, पण नावावर जाऊ नका. डहाणूकडनं निघतो, गंजाडच्या अंगानं आत शिरतो आणि तलासरीच्या बाजूला मोठ्या हमरस्त्यात नाहीसा होतो. इकोत बसलात तर ड्रायव्हरची चार गाणी संपायच्या आत रस्ता संपतो. दोन्हीकडे भाताची खाचरं, हिवाळ्यात त्यांत वाल आणि मिरची, मागं ताडाची झाडं, त्यामागं डोंगर.

असल्या आखूड रस्त्याचा एक गुण असतो. जे जातं ते येतं. सकाळी गेलेली फटफटी संध्याकाळी परत, सकाळी गेलेला दुधाचा टेम्पो दुपारी परत. हाल्याला एंजिनच्या आवाजावरनं मालकाचं नाव सांगता यायचं.

त्या माघात खात्यानं सात दिवसांची वाहनमोजणी काढली. वाढवण बंदराच्या बाजूला दगड नेणारे डंपर वाढले होते, रस्ता रुंद करायचा का, ते आकड्यांवरनं ठरायचं होतं. हाल्याला सकाळी सहा ते दुपारी दोनची पाळी मिळाली, मोरीजवळच्या चिंचेखाली. हातात दोन तक्ते, एक जाणाऱ्यांचा, एक येणाऱ्यांचा. प्रत्येक वाहनाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. रकाने छापलेले: मोटारसायकल, रिक्षा, मोटार, बस, टेम्पो, ट्रक. सगळ्यात शेवटी बैलगाडी, कारण छापखान्यातला नमुना जुना होता.

अडचण एवढीच की हाल्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. पाच महिन्यांनी निवृत्ती. तोवर ऑफिसला कळू द्यायचं नव्हतं. वाहन जवळ आलं की त्याला रंगाचा एक गोळा जाताना दिसायचा, बस. ओळखीची एंजिनं कानाला कळायची, पण नव्या गाड्यांच्या गर्दीत कान पुरत नव्हते, म्हणून बायको, भिकी, शेजारी बसायची. मांडीवर सूप घेऊन वाल सोलायची आणि रस्त्याकडे बघून सांगायची. "फटफटी... जाते. इको... येते." हाल्या रेघ मारायचा.

ती मधली टिंबं मी उगाच दिली नाहीत. भिकीला दम पुरत नव्हता. विहिरीवरनं एक हंडा आणताना ती तीनदा बसायची. वलसाडच्या डॉक्टरनं हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं होतं आणि ऑपरेशनची तारीख धरायला सांगितली होती. भिकी म्हणाली, लग्न होऊ द्या, मग बघू.

लग्न तिचं स्वतःचंच. त्यांच्या आदिवासी पाड्यात हे नवल नाही. बत्तीस वर्षं दोघं एका घरात राहिली, निलम मोठी झाली, पण मांडव घालायचं राहून गेलं ते राहिलंच. आता निलमचं झरीच्या मुलाशी ठरलं होतं. आईबापाला हळद लागल्याशिवाय लेकीला लागायची नाही. मोजणी संपली की तिसऱ्या दिवशी एकाच मांडवात आधी आईबाप, मग लेक. भिकीला तेवढ्या दिवसापर्यंत पोचवायचं, हाल्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

२

पहिल्या दिवशी अकराची एसटी गेली. धूळ बसली. मग शेजारनं भिकीचा आवाज आला, "गाडा जातो."

हाल्यानं सवयीनं शेवटच्या रकान्यात रेघ मारली. हात आधी चालला, डोकं मागनं पोचलं. तोवर भिकीनं दोन डंपर सांगितले होते, त्या गडबडीत विचारायचं राहून गेलं.

दुपारी संदीप तक्ते गोळा करायला आला. हा खात्याचा मुकादम, डहाणूचा, बोलायला मोकळा. म्हणाला, "काका, ही बैलगाडी कुठून पैदा केलीत? गणपतीची आरास निघाली होती का?" हाल्याही हसला. दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनंतर पुन्हा तेच, तसंच. पुन्हा रेघ. जाणाऱ्यांच्या तक्त्यात एक, येणाऱ्यांच्या तक्त्यात काही नाही.

घरी जाताना त्यानं भिकीला विचारलं, गाडा कोणाचा होता.

"कसला गाडा?"

"तूच सांगितला."

"मी नाय. गाडा बघून मला... चार पावसाळे झाले. बैल कोणी ठेवलेत आता?" ती थांबली, दम घेतला, आणि म्हणाली, "डोळे गेले, आता कानपण गेले. नवरा म्हणून... तुझ्यात उरलं काय रे?"

तो हसला. पण रात्रभर त्याला एकच गोष्ट टोचत राहिली. बसच्या घरघरीत कान वाजले म्हणावं, तर बस लांब गेली होती. पोट रिकामं होतं म्हणावं, तर नुकतीच भाकर खाल्ली होती. आवाज भिकीचा होता, यात शंका नाही. पण "गाडा जातो" हे तिनं एका दमात म्हटलं होतं. भिकीला एका दमात दोन शब्द बोलून दोन वर्षं होऊन गेली होती. तो आवाज बत्तीस वर्षांपूर्वीच्या भिकीचा होता, झरीच्या शेतावर लावणीला आलेल्या पोरीचा, जी खाचराच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं.

३

तिसरा दिवस त्यानं नुसतं ऐकण्यात घालवला; हाक आली, रेघ पडली. चौथ्या दिवशी त्यानं युक्ती केली. माणूस साधा असला तरी मूर्ख नसतो. तराजूवर शंका आली की गिऱ्हाईकही पलीकडच्या पारड्याला हळूच बोट लावून बघतं. हाल्यानं अकराच्या सुमाराला भिकीच्या पाठीवर तळहात ठेवला.

भिकी म्हणाली, "रस्त्यावर? लोक काय म्हणतील... लग्नाआधीच."

"पाठ धरली असंल तुझी. चोळतो."

त्याला हवं होतं ते एवढंच, की ती बोलली की पाठीत कंप उठतो तो हाताला कळावा. आणि कळत होता. "रिक्षा... येते," पाठ थरथरली. "एसटी... जाते," पाठ थरथरली. तिच्या लुगड्याखाली हाडं लागत होती. मागच्या हिवाळ्यात लागत नव्हती.

एसटी वळणापार गेली. खाचरात एक बगळा होता, तो उडाला असावा, कारण पंखांचा आवाज आला. मग हाल्याच्या उजव्या कानापाशी, वीतभर अंतरावरनं, भिकीचा आवाज म्हणाला, "गाडा जातो."

तळहाताखालची पाठ हलली नाही. नुसता श्वास वरखाली होत होता, सावकाश. आणि वालाची शेंग फुटल्याचा चट् असा आवाज.

रेघ मारलेली होती. कधी मारली, ते हाल्याला सांगता येईना.

त्या दिवशी त्यानं आणखी एक ऐकलं. हाकेच्या मागोमाग चाकांच्या लोखंडी धावांची खडखड, आणि घुंगरं. आता गाडा भरलेला असला की कण्हतो, रिकामा असला की खडखडतो, हे ज्यानं गाडे पाहिलेत त्याला सांगावं लागत नाही. हा रिकामा होता. आमच्या मिरचीच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: रिकामी गाडी फुकट कोणी हाकत नाही. ती काहीतरी आणायला चाललेली असते.

हाल्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. तरी त्याचा हात बायकोच्या पाठीवरनं दोन वाजेपर्यंत उठला नाही.

४

पाचव्या दिवशी त्यानं ठरवलं, रेघ मारायची नाही. आपण मांडलं नाही, तर ते झालं नाही. असा विचार करणारा तो काही पहिला नव्हे. भलेभले दुकानदार वर्षाच्या शेवटी याच विचारावर झोपतात.

एसटी गेली. हाक आली. हाल्यानं पेन्सिल मुठीत आवळून धरली.

पुन्हा हाक आली, "गाडा जातो." रागानं नाही. जेवायला बोलवताना दुसऱ्यांदा हाक मारावी तशी.

त्यानं मान हलवली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की रस्ता फार शांत झालाय. डंपरांचा आवाज लांबूनही येत नव्हता. चिंच सळसळत नव्हती. शेंग फुटत नव्हती. तो अगदी जवळ वाकला, नाकाला नाक लागेल इतका, तेव्हा त्याला भिकी दिसली. तिचा हात सुपाच्या वर वीतभर थांबला होता. दोन बोटांत एक वाल. डोळे उघडे, रस्त्याकडे. चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, काहीच नव्हतं. त्यानं पाठीवर हात ठेवला. लुगडं उन्हानं गरम होतं, आणि त्याखाली श्वास नव्हता.

"भिके," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिच्यात समजूत घातल्यासारखा सूर होता.

हाल्यानं चाचपडत तक्ता शोधला, शेवटचा रकाना शोधला, आणि रेघ ओढली. ती तिरपी गेली, दोन रकान्यांत. तळहाताखाली पाठ वर आली. वाल सुपात पडला. खडखड करत घुंगरं मोरीवरनं गेली आणि लगेच मागनं डंपर आला, त्याच्या मागं दुसरा, तिसरा.

"डंपर... जातो," भिकी म्हणाली. "लिही की. बघतोस काय माझ्याकडं? लग्नाची घाई... झालीय तुला."

५

त्या संध्याकाळी गंगी आली. ही धवलेरी, लग्न लावणारी बाई. त्यांच्यात मंत्र भटजी म्हणत नाही, धवलेरी गाणी म्हणते आणि त्यातच लग्न लागतं. गंगीला घाई अशी नसते. तिनं आधी पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग तिनं तांदूळ किती, ताडी कोण आणणार, लग्नाच्या चित्राचा चौक कोणत्या भिंतीवर लिहायचा, सगळं विचारून घेतलं. निलम सांगत होती, ती मान डोलावत होती.

उठताना ती हाल्याला म्हणाली, "तुझ्या माणसांना बोलवणं चाललंय. रोज सकाळी चिमूटभर तांदूळ आणि एक नाव. आज पाच झाली. उद्याचं एक राहिलं."

दोन आठवड्यांपूर्वी तिनं विचारलं होतं, लग्नाला कोण कोण हवं, जे आता नाहीत त्यांतलं. हाल्यानं सहा नावं दिली होती. त्याचे आईबाप, भिकीचे आईबाप, भाऊ काळ्या, आणि त्यांची पहिली मुलगी, जी नऊच दिवस राहिली. तिला नाव नव्हतं, तिला बारकीच म्हणायचे. ही गंगीची स्वतःची रीत. दुसरी कोणी धवलेरी असं करते का, मला ठाऊक नाही.

हाल्यानं एवढंच विचारलं, "आलेली माणसं परत जातात ना?"

गंगी म्हणाली, "पाहुणी असतात. राहतील कशाला?"

त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की त्या रात्री तो झोपला, आणि सहाव्या दिवशी अकरा वाजता हाक आली तेव्हा त्यानं रेघ नीट, सरळ, रकान्याच्या मधोमध ओढली.

६

सातव्या दिवशी एसटीनंतर हाक वेगळी आली.

"गाडा येतो."

हाल्यानं दुसरा तक्ता वर घेतला. हा गाडा खडखडत नव्हता, कण्हत होता. सावकाश. मोरीवर चढताना बैल फुरफुरले. त्याच्या मागं दुसरा. हाक, रेघ. हाक, रेघ. तिसऱ्यावर कोणीतरी खोकलं, आणि हाल्यानं पेन्सिल खाली ठेवली, कारण तसं खोकणारा एकच माणूस त्यानं ऐकला होता आणि तो त्याचा बाप होता. डोळे ताणून त्यानं बघायचा प्रयत्न केला. उन्हात पांढुरके डाग हलताना दिसले, त्यांवर काळसर काही. त्यानं हात जोडले आणि परत पेन्सिल उचलली.

पाच झाले. पाचवी रेघ आडवी.

सहावा जवळजवळ आवाज न करताच आला. भिकीनं सूप खाली ठेवलं. तिला काही ऐकू येत होतं असं नाही, ती म्हणाली, "पेंढ्याचा वास येतोय. कोणी पेंढा... नेतंय का?" आणि पदर सावरून उगाच रस्त्याकडे बघत राहिली, बराच वेळ.

दुपारी संदीपनं बेरीज केली. गेल्या सहा, आल्या सहा. म्हणाला, "काका, तुमची बैलगाडी खोटी असली तरी हिशोब मात्र टॅली आहे. राहू दे. साहेब आकडे जुळले की वाचत नाहीत."

हाल्याला तेवढंच हवं होतं. जेवढं गेलं तेवढं आलं.

७

लग्न झालं. चांगलं झालं. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक उमटला. भिकी पाटावर बसली तेव्हा बायकांनी तिला इतकी हळद फासली की निलम म्हणाली, आई, माझ्यासाठी ठेव थोडी. गंगी गात होती. भिकीला त्या दिवशी दम लागला नाही. तारपा वाजायला लागला तेव्हा ती चार पावलं नाचलीसुद्धा, आणि हाल्या तिला बसवायला गेला तर त्याच्या कानाशी म्हणाली, "आता चोळ पाठ. आता कोण काय म्हणतंय?"

एका दमात म्हणाली. हाल्याच्या ते ध्यानात आलं. त्याला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकी उशिरापर्यंत झोपली होती. निलमची पाठवणी दुपारनंतर होती; तिनं सांगितलं, थकलीय, उठवू नका. हाल्या मोरीकडे गेला. पाळी नव्हती, तक्ता नव्हता, पेन्सिलही नव्हती. का गेलास म्हणून मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "पाहुणे आले होते ना. त्यांना वाटेला लावायला नको?"

अकराची एसटी गेली.

"गाडा जातो," हाक आली. त्यानं करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवला. दुसरा. तिसरा, त्यावर खोकला. चौथा. पाचवा. सहावा, हलका, पेंढ्याच्या वासाचा. अंगठा सहाव्या पेरावर आला. हाल्या म्हणाला, "या पुन्हा." पायात चपला सरकवल्या, उठला, धोतराची धूळ झटकली.

तेव्हा घुंगरं वाजली.

तो हाकेची वाट बघत उभा राहिला. हाक आली नाही. सहाही गाड्यांना आली होती, सात दिवस आली होती. या गाड्याला ती आली नाही. नुसती चाकं, जवळ, आणखी जवळ, आणि मोरीवर येऊन थांबली.

हाल्याला दिसलं ते एवढंच: पांढऱ्या डागांच्या वर, उंच पेंढ्यावर, पिवळं काही. हळदीचं पिवळं, ओलं असताना असतं तसं. ते त्याच्याकडे वळलेलं होतं की नाही, ते तो सांगू शकत नाही. मी दोनदा विचारलं.

अंगठा सहाव्या पेरावर होता. जोवर तो तिथं होता तोवर गाडा हलला नाही. चिंच हलली नाही. जवळ येत असलेला एक डंपर दिसत होता, लाल गोळा, तो तिथंच होता. हाल्याला कळलं की आपण असंच उभं राहिलो तर सगळं असंच राहील, जन्मभर. कोणी काही बोलणार नाही, कोणी रागावणार नाही. घरी ती तशीच निजलेली राहील, हळद न सुकता. सहा आले, सहा गेले.

आणि त्याला पाचव्या दिवसाचा तो हात आठवला, सुपावर वीतभर थांबलेला. ना इकडं, ना तिकडं. बोटांत वाल धरून.

किती वेळ उभा होतास, मी विचारलं. म्हणाला, डंपर भरायला लागतो तेवढा.

मग त्यानं अंगठा सातव्या पेरावर नेला. स्वतःच, मोठ्यानं, म्हणाला, "गाडा जातो."

चाकं कण्हली. घुंगरं मोरीवरनं उतरली, तलासरीच्या अंगानं गेली, वालाच्या शेतांपलीकडे बारीक होत होत राहिली. डंपर आला आणि गेला. घराकडनं हाक आली. ती निलमची होती.

खात्याच्या फायलीत आजही सहाला सहा आहेत, आणि रस्ता रुंद व्हायचा तो होतोच आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला मात्र एक विनंती करतो. तुमच्या दारावरनं कोणी आलं, कोणी गेलं, तर मोजत जा, आणि हिशोब खरा ठेवा. एखादा जास्त निघाला, तर मायेपोटीसुद्धा तो मांडायचा सोडू नका.